वेम्बान्यामा की गोबेर: सरस बचावपटू कोण?

प्रश्न: २०२३-२४ च्या आपल्या पहिल्याच हंगामात सॅन अँटोनिओच्या व्हिक्टर वेम्बान्यामाने सामन्यामागे सरासरी ३.६ ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवणे) नोंदवून एनबीए या अमेरिकेतील संपूर्ण बास्केटबॉल लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले, तरीही सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिनेसोटाच्या रुडी गोबेरला चौथ्यांदा मिळाला. हा निर्णय आपणांस योग्य वाटतो का?

प्रतिसाद १: निर्णय योग्यच आहे. गोबेरची ब्लॉकची सरासरी २.१ होती, परंतु त्याच्या जोरावर मिनेसोटाचा बचाव लीगमध्ये पहिला ठरला, तर सॅन अँटोनिओने ८२ पैकी ६० सामने गमावले. गोबेर बास्केटखाली उभा असला की प्रतिस्पर्धी आत शिरण्याचा विचारच सोडून देतात, आणि हा दरारा आकडेवारीत पुरता उतरत नाही.

प्रतिसाद २: संघाच्या पराभवांचे खापर एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूवर फोडणे मला पटत नाही. वेम्बान्यामा बास्केटपासून दूर, थ्री-पॉइंट रेषेपाशीही (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) तितकाच प्रभावी ठरतो, मात्र गोबेरला बास्केटपासून दूर खेचले की त्याची मातब्बरी कमी होते. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतील दुसऱ्या सामन्यात डॅलसच्या लुका डॉन्चिचने अखेरच्या क्षणी त्याच्यासमोर मागे सरकत मारलेला विजयी थ्री-पॉइंटर आठवून पाहा.

प्रतिसाद ३: तो शॉट अप्रतिमच होता, परंतु मतदान केवळ साखळी सामन्यांवर होत असल्यामुळे या निकालाविरुद्ध तो पुरावा म्हणून मांडता येणार नाही.