‘स्ट्रेंग्थ’ला एकच अर्थ असतो, हे कोणी सांगितले?

खडीवाला:

‘अणुरेणू’ यांनी परवा एक टिपण लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की इंग्रजीत स्ट्रेंग्थ, फोर्स, पॉवर आणि प्रेशर ही चार जनावरे चार खुंट्यांना पक्की बांधलेली आहेत. मराठी माणूस मात्र बळ, शक्ती, जोर, ताकद यांपैकी हाताला लागेल तो शब्द उचलतो, म्हणून मराठीतून विज्ञान शिकवणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. दोन दिवस गप्प बसण्याचा प्रयत्न केला, पण जमले नाही. मी ३१ वर्षे इमारतींच्या कामावर काढली आहेत आणि ‘स्ट्रेंग्थ’ हा एकच शब्द एका दिवसात किती खुंट्यांवरून सुटतो, हे रोज पाहिले आहे.

सकाळी हजेरीच्या वेळी साहेब विचारत, ‘आज स्ट्रेंग्थ किती?’ म्हणजे मजूर किती आले. दुपारी प्रयोगशाळेतून फोन येई, तेव्हा स्ट्रेंग्थ काँक्रीटची असे. संध्याकाळी मुलीच्या शाळेत पालकसभेला गेलो, तर बाई सांगत की वर्गाची स्ट्रेंग्थ ६० झाल्यामुळे तुकडी फोडावी लागेल. याच गोष्टीला आमच्या गावच्या गुरुजींनी जन्मभर ‘पट’ म्हटले आणि कोणाचाही घोटाळा झाला नाही.

आता काँक्रीटकडे येतो. एम २० प्रतीच्या काँक्रीटचा १५० मिलिमीटर बाजूचा क्यूब भरायचा, २८ दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग यंत्रात घालून फोडायचा. मी नोकरीला नवीन असताना आमचा मुकादम एकदा हौसेने माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आला. तबकडीवरचा काळा काटा लाल काट्याला ढकलत ४५० च्या जरा पुढे गेला, क्यूबच्या कडा सुटल्या, काळा काटा मागे पडला आणि लाल काटा तिथेच थांबला. मुकादमाने विचारले, ‘साहेब, कागदावर वीस लिहिता आणि काटा तर साडेचारशेवर गेला. यातलं खरं कोणतं?’ दोन्ही खरे होते. ४५० किलोन्यूटन हे बल. ते २२,५०० चौरस मिलिमीटरच्या तोंडावर पसरले, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, अर्थात २० मेगापास्कल. पास्कल हे एकक तर दाबाचे. म्हणजे इंग्रजी अभियंता स्ट्रेंग्थ मोजतो प्रेशरच्या एककात, आणि यंत्राच्या तबकडीवर वाचतो फोर्स. अणुरेणू यांच्या खुंट्या मला त्या खोलीत कुठेही दिसल्या नाहीत.

अणुरेणू:

एकक एक असले म्हणून राशी एक होत नाही, हे अभियंत्याला सांगावे लागते याचे आश्चर्य वाटते. टॉर्क, म्हणजे वस्तू फिरवणारा जोर, न्यूटन-मीटरमध्ये मोजतात, आणि ऊर्जेच्या एककाची फोड केली तर तिथेही न्यूटन-मीटरच निघतो. म्हणून पान्याने नट आवळणारा माणूस ऊर्जा आवळत नसतो. प्रेशर बाहेरून येते, आणि स्थिर द्रवात एका बिंदूपाशी सर्व दिशांना सारखे असते. स्ट्रेस पदार्थाच्या आत उत्पन्न होतो आणि त्याला दिशा असते. स्ट्रेंग्थ ही त्या स्ट्रेसची मर्यादा आहे, जिच्यापुढे पदार्थ हार मानतो. तुमच्या क्यूबच्या गोष्टीत हे तिन्ही शब्द आपापल्या जागी अगदी नीट बसतात. तुम्हीच त्यांची खिचडी केलीत.

माझा मुद्दा वर्गातून आलेला आहे. मी २२ वर्षे सेमी-इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवतो. पूर्वी मराठी माध्यमाच्या तुकडीला नववीत ‘शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर’ असे शिकवले, आणि परीक्षेत दोन हमालांचे उदाहरण घातले: तेच ओझे त्याच जिन्याने एकाने एका मिनिटात नेले, दुसऱ्याने तीन मिनिटांत; शक्ती कोणाची जास्त? वर्गातील निम्म्या मुलांनी तीन मिनिटेवाल्याचे नाव लिहिले. एका मुलाने कारणही दिले होते: ‘त्याने ओझे जास्त वेळ पेलले, म्हणून.’ शक्ती या शब्दात देवी आहे, तालीम आहे, निवडणुकीतले शक्तिप्रदर्शन आहे. तो शब्द रिकामा करून त्यात वॅट भरणे मला जमले नाही, हे मी कबूल करतो. तुमच्या मुकादमाच्या समजुतीचा पुरावा मला नको आहे. माझ्याकडे उत्तरपत्रिका होत्या.

खडीवाला:

मग इंग्रजी ‘पॉवर’ काय रिकामा आला होता? त्यात सत्ता आहे, गणितातला घात आहे, आणि भिंगाची पॉवर आहे, जिचा कार्याच्या दराशी काडीचाही संबंध नाही; मीटरमधल्या नाभीय अंतराचा तो निव्वळ व्यस्त आहे. चश्म्याच्या दुकानात आपण त्याला ‘नंबर’ म्हणतो आणि काम भागते. लंडनच्या मुलालाही तो शब्द आधी रिकामा करावाच लागतो. फरक एवढाच, की त्याची चूक झाली तर त्याचे मास्तर इंग्रजी भाषेला दोष देत नाहीत.

गल्ल्यावरची:

मी औषधांच्या दुकानात बसते, त्यामुळे स्ट्रेंग्थ आणि प्रेशर हे दोन्ही शब्द माझ्याकडे दिवसातून शंभर वेळा एकत्र येतात. गोळीच्या पाकिटावर स्ट्रेंग्थ म्हणून जो आकडा असतो, तो एका गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे एवढेच सांगतो. गिऱ्हाईक त्याला ‘पॉवर’ म्हणते आणि घोळ तिथून सुरू होतो.

आमच्याच चाळीतील एका काकूंना डॉक्टरांनी रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ दिले होते, आणि त्यांच्या शेजारणीला टेल्मिसार्टन ४०. काकूंचे प्रेशर काही दिवस १५० च्या खाली येईना. त्यांनी हिशेब मांडला, की आपली गोळी पाचची आणि तिची चाळीसची, म्हणजे तिची आठपट जोरदार; आणि शेजारणीकडून चार गोळ्या मागून स्वतःच्या गोळीसोबत सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन ओट्यापाशी बसल्या, तेव्हा हा प्रकार सुनेला कळला. दोन वेगळ्या औषधांचे मिलिग्रॅम एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, हे मी त्यांना पाऊण तास समजावले. त्यांचा शेवटचा प्रश्न होता, ‘मग पाकिटावर पॉवर कशाला लिहितात?’

पाकिटावर ‘पॉवर’ लिहिलेले नसते, पण जे लिहिलेले असते तेही बरे नाही. त्या जागी ‘एका गोळीतील औषध’ असे लिहिले असते तर काकू ओट्यापाशी बसल्या नसत्या. तेव्हा अणुरेणू, शब्दाने नुकसान होते हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त माझ्या दुकानात ते नुकसान इंग्रजी शब्दाने केले.

तारवाला:

वरच्या चर्चेत ‘दाब’ हा जणू भौतिकशास्त्राचा सोवळ्यातला शब्द आहे असे गृहीत धरलेले दिसते. माझी सगळी नोकरी ‘उच्चदाब’ आणि ‘लघुदाब’ या दोन शब्दांत गेली. इंग्रजीत ते हाय टेन्शन आणि लो टेन्शन. ११,००० व्होल्टची वाहिनी उच्चदाब, घरात येणारी २३० व्होल्टची वीज लघुदाब. इंग्रजीने दोरीचा ताण, डोक्यातले टेन्शन आणि तारेतला व्होल्टेज अशा तिघांना एकच शब्द दिला. मराठीने निदान विजेला दोरीपासून सोडवले.

त्यातूनही घोटाळे झाले, नाही असे नाही. एकदा उन्हाळ्यात एका शेतकऱ्याने तक्रार लिहून दिली, की ‘मोटरीला चार दिवस दाब नाही.’ मी दुपारच्या उन्हात सात किलोमीटर सायकल मारून गेलो आणि मीटर लावून पाहिले, तर तिन्ही फेजला व्होल्टेज व्यवस्थित. विहिरीत डोकावलो तेव्हा पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह पाण्याच्या वर लोंबकळताना दिसला. त्याला पाण्याचा दाब म्हणायचे होते. त्याने चहा पाजला, मी रागावलोही नाही. पण त्या दिवसापासून तक्रार घेताना ‘दाब कशाचा, लाईटचा की पाण्याचा?’ असे विचारू लागलो.

शुद्धमती:

तारवाल्यांनी स्वतःच स्वतःचा मुद्दा खोडला आहे. मुळात ‘उच्चदाब’ हे भाषांतरच चुकीचे आहे. शाळेच्या पुस्तकात मूल ‘विभवांतर’ शिकते आणि शाळा सुटल्यावर रोहित्राच्या कुंपणावर ‘उच्चदाब’ वाचते. एकाच राज्यात एकाच राशीला दोन मराठी शब्द, आणि त्यातला एक पाण्याच्या नळाला लागू पडणारा! हे ज्यांनी रूढ केले त्यांना विभव म्हणजे काय हे ठाऊक नसावे. परिभाषा ही जाणकारांनी घडवायची असते. तारा जोडणाऱ्यांच्या सोयीने ती ठरू लागली की असेच होते.

तारवाला:

तारा जोडणाऱ्यांनी तारा जोडल्या म्हणून आपण रात्री दिव्याखाली बसून विभवाची चौकशी करू शकता.

राहिला भाषांतराचा प्रश्न. विजेच्या सुरुवातीच्या काळात खुद्द इंग्रज अभियंतेच व्होल्टेजला ‘इलेक्ट्रिक प्रेशर’ म्हणत असत. नळातले पाणी दाबातील फरकामुळे वाहते, तशी तारेतली वीज, ही उपमा त्यांचीच. फ्रेंच माणूस त्याच वाहिनीला आजही ‘ओत तान्स्यों’, म्हणजे उच्च ताण म्हणतो. तेव्हा ‘दाब’ हा शब्द निवडणारे अडाणी नव्हते. त्यांनी दोन जुन्या उपमांपैकी आपल्या माणसाला समजेल ती उचलली. ‘माझे विभवांतर कमी झाले आहे’ अशी तक्रार मला एकाही शेतकऱ्याने दिली नाही. कमी दाबाने मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते आणि जळते, हे मात्र पाच एचपीची मोटर बाळगणाऱ्या प्रत्येकाला न शिकवता समजते.

शुद्धमती:

‘तारा जोडणारे’ हा उल्लेख अनुचित होता, तो मी मागे घेते. ‘उच्चदाब’ अचूक आहे असे मात्र मी अजूनही म्हणणार नाही. रुळलेला आहे, एवढेच म्हणेन, आणि तेही नाइलाजाने.

अणुरेणू:

या विजेच्या वादात माझा मूळ मुद्दा वाहून गेला, तरी पाहा: शेतकऱ्याला दाब कोणता हे सांगता आले नाही आणि वायरमनला सात किलोमीटर फुकटची सायकल मारावी लागली. मी याहून वेगळे काय म्हणत होतो?

गल्ल्यावरची:

इंग्रजीत ती तक्रार ‘नो प्रेशर’ अशी आली असती तर वायरमन कुठे गेला असता? कदाचित डॉक्टरकडे.

आणि जरा मराठीची दुसरी बाजूही पाहा. इंग्रजीत सगळीकडे प्रेशर. आपल्याकडे हवेचा दाब, मंत्र्याचा दबाव आणि परीक्षेचे दडपण. यांची अदलाबदल करून पाहा. ‘बंगालच्या उपसागरात कमी दडपणाचा पट्टा’ म्हटले तर वेधशाळेलाही हसू येईल. एकट्या ‘दाब’चीच पाहा: ‘पाटलाचा गावावर दाब आहे’ यातला दाब पाटलाने न बोलताही असतो, दबाव मात्र आणावा लागतो, त्यासाठी कोणीतरी फोन करावा लागतो. हा भेद इंग्रजी प्रेशरला एका शब्दात दाखवता येत नाही.

शुद्धमती:

‘दबाव’ हिंदीच्या वळणाचा आहे, याची नोंद असावी. बाकी उदाहरणे योग्य आहेत.

अणुरेणू:

उदाहरणे चांगली आहेत, पण सोयीची आहेत. ‘ताण’ या शब्दाकडे कोणी वळले नाही, कारण तिथे मराठीची अडचण होते. दोरीतले टेन्शन म्हणजे ताण, मनावरचा स्ट्रेस म्हणजेही ताण, आणि अभियांत्रिकीच्या स्ट्रेसला घडवलेला ‘प्रतिबल’ हा शब्द पुस्तकाबाहेर कोणी उच्चारत नाही.

खडीवाला:

ताणाची गोष्ट काढलीतच म्हणून सांगतो. मानसिक आणि शारीरिक ताणाच्या अर्थाने ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रूढ केला तो हान्स सेल्ये यांनी. त्यांचे मूळ काम १९३६ सालचे. अभियांत्रिकीत बाहेरच्या भारामुळे वस्तूच्या आत जो निर्माण होतो तो स्ट्रेस, आणि त्यामुळे वस्तूच्या आकारात जो बदल होतो तो स्ट्रेन. सेल्ये ज्या अवस्थेबद्दल बोलत होते ती शरीरात घडणाऱ्या बदलाची होती, म्हणजे या हिशेबाने स्ट्रेनची. आपले इंग्रजी अधिक चांगले असते तर आपण ‘स्ट्रेन’ हाच शब्द वापरला असता, असे त्यांनी स्वतः पुढे कबूल केले. आज सारे जग तो चुकीचा शब्द बिनदिक्कत वापरते, आणि कोणी म्हणत नाही की इंग्रजी विज्ञानाला अपुरी आहे.

अणुरेणू:

ठीक आहे. इंग्रजीत एका शब्दाला एकच अर्थ असतो, हे माझे वाक्य मी मागे घेतो. एवढ्या लोकांनी एवढ्या ठिकाणचा दाब आणल्यावर दुसरे काय करणार? परंतु वर्गातल्या मुलाला शब्द कमी पडतात, हे मी मागे घेत नाही. आणि खडीवाले, मला एका गोष्टीचे सरळ उत्तर द्या. ३१ वर्षांत काँक्रीटच्या स्ट्रेंग्थला तुम्ही मराठीत काय म्हणत होतात? सामर्थ्य? मजबुती? की बळ?

खडीवाला:

सरळ विचारलेत म्हणून सरळ सांगतो. अहवालात ‘स्ट्रेंग्थ’च लिहीत होतो, आणि साहेबांशी बोलतानाही तोच शब्द होता. ‘मजबुती’ फक्त सिमेंटच्या जाहिरातीत वाचली. हा मुद्दा तुमचा, घ्या.

मुकादमाने मात्र त्या दिवसानंतर कधीच यांपैकी कोणताही शब्द वापरला नाही. अठ्ठावीस दिवस भरले की तो संध्याकाळी कार्यालयाच्या दारात उभा राहून एवढेच विचारी, ‘साहेब, कितीला फुटला?’