ॲल्युमिनियमवर सिरॅमिक कोटिंग धरत नाही, लेझर टेक्श्चरिंग करून बघावं का?

भोसरीकर: मंडळी, सल्ला हवाय. ६०६१ ग्रेडच्या ॲल्युमिनियमच्या स्लीव्हवर (नळीसारखा भाग, भिंत ३ मिमी) आम्ही प्लाझ्मा स्प्रेने ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड, हेच सिरॅमिक) वितळवून मारतो. कोटिंग कडेपासून पापुद्रे सुटावेत तसं निघतंय. कोटिंगआधी ग्रिटचे कण मारून पृष्ठभाग खरबरीत करतो, त्या ब्लास्टिंगचा दाब वाढवला की स्लीव्ह ओव्हल होते. शेजारच्या युनिटमध्ये ५० वॅटचं फायबर लेझर मार्किंग मशीन आहे. त्याने खड्डे पाडले तर भागेल का?

मेटलर्जी_ताई: दादा, आधी सुटलेल्या पापुद्र्याची पाठ बघा. पांढरी असेल तर सिरॅमिक बाँडकोटवरून (सिरॅमिक धरून ठेवायला आधी मारलेला धातूचा थर) सुटतंय, मग खालच्या ॲल्युमिनियमवर कितीही खड्डे पाडा, उपयोग शून्य. करडी असेल तर बाँडकोटच उचलला गेलाय. आणि स्लीव्हची कड तीक्ष्ण आहे का? तापल्यावर ॲल्युमिनियम ॲल्युमिनाच्या जवळपास तिप्पट पसरतं, तो ताण कडेलाच एकवटतो. ०.५ ते १ मिमी रेडियस द्याच.

भोसरीकर: ताई, पाठ करडी आहे आणि तिच्यात ग्रिटचे तपकिरी कण अडकलेत! निकेल-ॲल्युमिनियमचा बाँडकोट आहे, पावडर ४५-९० मायक्रॉन. कडेला रेडियस नाही.

मेटलर्जी_ताई: मग ग्रिट रुततंय. जिथे कण, तिथे बाँडकोटला धातू मिळतच नाही. तुमच्या केसमध्ये लेझरला नक्की अर्थ आहे.

स्प्रेगन_नाशिक: फक्त खड्ड्याचं माप पावडर बघून ठरवा, सगळी मेख तिथेच आहे. अरुंद, खोल भोक पाडलं की वितळलेला थेंब तोंडावरच थिजतो आणि खाली हवा कोंडते. एवढ्या जाड पावडरीला तोंड १०० मायक्रॉनच्या वर ठेवा, खोली त्याहून कमी. नाहीतर बारीक पावडर घ्या. गन शक्यतो काटकोनात धरा, तिरकी मारली तर खड्ड्याची एक बाजू सावलीत राहते. लेझरनंतरची काजळी आणि सैल कण धुऊन काढा आणि लगेच स्प्रे करा. स्लीव्हवर उलटसुलट भार येत असेल तर मात्र जपून, खड्ड्याच्या तळातून भेग सुरू होऊ शकते.

थेट जॉबवर नको. एएसटीएम सी६३३ (कोटिंगला गोंदाने दुसरा तुकडा चिकटवून ओढून तोडायची प्रमाणित चाचणी) प्रमाणे २५ मिमीची बटणं, म्हणजे गोल नमुने, करा, पाच ब्लास्टची, पाच लेझरची, एकाच सेटिंगवर मारलेली. कोटिंग ०.३८ मिमीपेक्षा जाड ठेवा, नाहीतर गोंद आत झिरपून खोटा आकडा येतो. आणि गोंदच तुटला तर तो आकडा गोंदाचा, कोटिंगचा नाही.

मेटलर्जी_ताई: हैदराबादच्या एआरसीआय या सरकारी मटेरियल्स संशोधन संस्थेमध्ये लेझर आणि थर्मल स्प्रे दोन्ही विभाग आहेत, तिथेही विचारून बघा.

भोसरीकर: सोमवारी बटणं टर्निंगला टाकतो, रेडियससकट. आकडे आले की इथेच टाकेन.