मदत हवी आहे: दुकानातल्या काँप्युटरवर नवी विंडोज टाकू का?

छपाईघर: डीटीपीचं दुकान आहे, काँप्युटरवर अजून विंडोज ७. पत्रिकांचं काम व्यवस्थित होतं, पण क्रोम अपडेट होत नाही आणि व्हॉट्सॅप वेब सारखं अडतं. गिऱ्हाइकांचे फोटो सगळे त्यावरच येतात. मुलगा म्हणतो नवी विंडोज टाका. टाकून फायदा काय? सगळं नीट चालेल ना? लग्नसराई तोंडावर आहे, लवकर सांगा.

उंबरठा: सगळं म्हणजे काय काय? प्रोसेसर, रॅम, प्रिंटर? मराठी कशात टाइप करता?

माळरान: विंडोजचा नाद सोडा, लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, व्हायरसची कटकट नाही. मी घरचे दोन्ही काँप्युटर त्यावरच नेलेत.

शाईपेन: माळरान, त्यांचं दुकान आहे हो. पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) आणि मराठी फाँटचं डोंगल (फाँट चालायला काँप्युटरला लावायची किल्ली) मिंटवर कोण चालवून देणार? क्रोमचं म्हणाल तर विंडोज ७ साठी १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ पासून पुढची मिळतच नाही. विंडोज ७ चा सपोर्टही जानेवारी २०२० मध्येच संपला. नवीन सिस्टिमचा पहिला फायदा हाच, सुरक्षेचे अपडेट मिळतात.

छपाईघर: पेजमेकर ७ आहे, डोंगलवालंच. प्रोसेसर आय३. बाकी नेहमीचंच.

उंबरठा: आय३ च्या पिढ्या असतात, दादा. माय काँप्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथं दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा.

सायली_पुणे: यानिमित्ताने युनिकोडकडे वळा ना, त्यातली मराठी सगळीकडे सारखीच दिसते! विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारा) आयताच येतो. तुमच्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याकडे उघडला की नुसता कचरा दिसतो.

शाईपेन: ताई, पेजमेकर ७ ला युनिकोड कळत नाही. जुन्या पत्रिकांच्या फाइली रोज लागतात, त्यांचं काय करायचं?

छपाईघर: आय३-४१३०. मेमरी ८ जीबी, पुढे ३.४१ यूजेबल असं काहीतरी. सिस्टिम टाइप ३२-बिट. रॅम गेल्या वर्षीच वाढवून घेतली, तरी फोटोशॉप अडखळतंच.

उंबरठा: मेख इथेच आहे. ३२-बिट विंडोज ७ साधारण ४ जीबीच्या वरची रॅम वापरतच नाही. वाढवलेली रॅम नुसती पडून आहे. ६४-बिट सिस्टिम टाकली की पूर्ण ८ मिळेल, तुमच्यासाठी हा खरा फायदा. पण ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, ड्राइव्ह साफ करून नव्याने टाकावी लागते. आधी सगळ्या फाइली आणि फाँट बाहेरच्या डिस्कवर घ्या.

गडकरी_नाही: मग थेट ११ टाका ना.

उंबरठा: इंटेलचा प्रोसेसर असेल तर ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. यांचा चौथ्या पिढीचा आहे.

गडकरी_नाही: माझ्या सहाव्या पिढीवर अट चुकवून टाकलंय, मस्त चालतंय.

शाईपेन: चालतंय, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सीझनमध्ये अडलं तर गिऱ्हाईक थांबत नाही. विंडोज १० म्हणाल तर तिचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वेगळी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत. माझं ऐका, हे मशीन इंटरनेट काढून पेजमेकरपुरतं ठेवा. व्हॉट्सॅप आणि फोटोशॉपसाठी आठव्या पिढीचं सेकंडहँड घ्या.

कॉलेजकट्टा: मुलीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीय, तिच्यासाठी कुठला लॅपटॉप घेऊ?

माळरान: त्यावरही मिंट टाका.

छपाईघर: दुसरं मशीन लग्नसराईनंतर बघतो. पण प्रिंट दोन्हीकडून निघेल ना? प्रिंटर जुना लेझर आहे, सीडी हरवली.

उंबरठा: नव्या मशीनला ६४-बिट ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) लागेल, जुन्या लेझरना तो मिळेलच असं नाही. मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर टाका, आज रात्री शोधून सांगतो. तोवर काही पुसू नका.