मदत हवी आहे: कोपराच्या ऑपरेशननंतर मुलाची करंगळी आणि शेजारचं बोट वाकत चाललंय

कराडची आई

नमस्कार. मी इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. गेले आठ दिवस धड झोप नाही, म्हणून आज सगळं मांडते.

माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. दिवाळीत आम्ही गावी होतो. किल्ल्यासाठी माती आणायला पोरं मागे गेली आणि हा पडक्या भिंतीवरून उजव्या हातावर पडला. बघता बघता कोपर सुजून टम्म झालं. शहरातल्या दवाखान्यात एक्स-रे काढला, कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं. फाईलवर ‘सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर, गार्टलँड टाइप ३’ असं लिहिलंय, म्हणजे तुकडे जागेवरून पूर्ण सरकलेले. त्याच रात्री भूल देऊन हाड जागेवर बसवलं आणि दोन तारा घातल्या, एक बाहेरच्या बाजूने, एक आतल्या. मागून अर्धं प्लास्टर.

दुसऱ्या दिवसापासून तो म्हणत होता, "आई, करंगळीत मुंग्या येतायत." राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगितलं. सूज आहे, उतरेल म्हणाले. बोटं हलव म्हणाले, त्याने हलवली. करंगळी वेगळी अशी कुणी हलवून पाहिली नाही, आणि मलाही तेव्हा तेवढं कळत नव्हतं. चौथ्या आठवड्यात प्लास्टर काढलं, ओपीडीतच तारा काढल्या. हाड छान जुळलंय. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट किंचित वाकलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, मुलांची आपोआप येते, तीन महिने थांबा.

आज नऊ आठवडे झाले. मी रोज बघते ते लिहिते. पेन्सिल धरताना अंगठा पुढच्या पेरातून टोकदार वाकतो. बोटं फाकवता येत नाहीत. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधे पोस्टकार्ड धरायला दिलं तर मी हलकेच ओढलं तरी निसटतं. आणि परवा आंघोळीनंतर एक विचित्र गोष्ट दिसली. बराच वेळ बादलीत हात घालून खेळत होता. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, सगळ्यांच्या टोकांना पाण्याने सुरकुत्या पडलेल्या. करंगळी मात्र गुळगुळीत, पाण्यात गेलीच नाही अशी.

खरी भीती पुढेच आहे. गेल्या आठ दिवसांत दोन्ही बोटं आधीपेक्षा जास्त वाकायला लागली आहेत. सुधारायच्या ऐवजी बिघडतंय, आणि मी मात्र तीन महिने व्हायची वाट बघत बसलेय. अजून थांबायचं का? एनसीव्ही म्हणतात ती, नसेतून संदेश कसा जातो ते बघायची तपासणी आत्ताच करून घेऊ का? नस उघडून बघायला लागते असंही वाचलं, ते वाचल्यापासून हातपाय गळालेत.

दुसरं म्हणजे कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही आणि घास तोंडापर्यंत जेमतेम जातो. सासूबाईंनी तिळाचं तेल कढवून ठेवलंय, निर्गुडीचा शेक आणि मालिश करू म्हणतात. त्यांचा नातवावर जीव आहे आणि त्यांच्या हाताने अनेकांची दुखणी बरी झालेली मी पाहिली आहेत. डॉक्टरांनी ‘मालिश नको’ एवढंच सांगितलं, का नको ते सांगितलं नाही. घरात मी काय उत्तर देऊ?

ठाणेकर बाबा

ताई, आमच्या मुलीला पाचव्या वर्षी अगदी हेच फ्रॅक्चर होतं, पण तिची नस वेगळी होती. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायला सांगितलं की गोल व्हायचा नाही, चपटी चोच व्हायची. आमच्या डॉक्टरांनी ते ऑपरेशनच्या आधीच पाहून कागदावर लिहिलं होतं, म्हणजे इजा पडण्यामुळेच झाली हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अडीच महिन्यांत गोल आला.

तुम्ही डिस्चार्ज कार्ड काढून बघा. ऑपरेशनआधी बोटांबद्दल काय लिहिलंय? आधी करंगळी चांगली होती आणि नंतर गेली असेल, तर पुढच्या डॉक्टरांना ते कळणं फार गरजेचं आहे.

कराडची आई

कार्डावर फक्त ‘बोटांची हालचाल आहे’ एवढंच आहे. पण दादा, तुमचं वाचून एक आठवलं. कॅज्युअल्टीत सिस्टरनी सुई दिली तेव्हा तो रडत रडत त्याच हाताची करंगळी ताठ पुढे करून त्यांना "कट्टी" म्हणाला होता. आम्ही तेवढ्यातही हसलो होतो. म्हणजे तेव्हा करंगळी चालत होती.

लाल माती

मी मालिशबद्दलच लिहितो. कृपा करून करू देऊ नका.

माझा मोठा भाऊ लहानपणी झाडावरून पडला. आमच्याकडे तेव्हा दवाखाना लांब, हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने बांबूच्या कामट्या लावून कोपर घट्ट आवळून बांधलं. रात्रभर भाऊ ओरडत होता, बोटं सरळ केली की किंकाळी फोडायचा. घरच्यांना वाटलं हाड मोडलंय तर दुखणारच. सकाळी बोटं गार पडलेली. आत सूज वाढून रक्तपुरवठा थांबला आणि हाताचे स्नायू मेले. पुढे कळलं की याला फोकमनचं आखडणं म्हणतात, जर्मन सर्जनने १८८१ सालीच लिहून ठेवलंय. भावाचा पंजा आजही मनगटातून वाकलेला आहे. शर्टाची बटणं वहिनी लावते.

तुमच्या मुलाला तसं काही झालेलं नाही, घाबरवायला लिहीत नाही. पण ज्यांच्या घरात लहान मुलाचा हात आत्ताच मोडलाय असं कुणी हे वाचत असेल, तर एवढं ध्यानात ठेवा: औषध देऊनही वाढत जाणारं दुखणं आणि बोट सरळ केल्यावर येणारी कळ, यावर रात्रीच दवाखान्यात जायचं. सकाळची वाट बघायची नाही.

मिरजेची फिजिओ

ताई, मी हाताच्या पेशंटांबरोबर काम करते. हात प्रत्यक्ष न बघता निदान करता येत नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी बोलायच्या तयारीसाठी वाचा.

कोपर भिंतीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही नस, अल्नर. कोपराच्या आतल्या बाजूला जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या मागच्या खाचेतून ती जाते, अगदी कातडीखालून. आतल्या बाजूने घालायची तार नेमकी त्याच उंचवट्यातून आत शिरते. काही मुलांत कोपर वाकवलं की ही नस खाचेतून पुढे सरकते, आणि सुजेमुळे उंचवटाही नीट हाताला लागत नाही. मग तार नसेला खरचटते, दाबते, कधी आजूबाजूचं आवरण ताणून तिला अडकवून ठेवते. म्हणून बरेच सर्जन दोन्ही तारा बाहेरूनच घालतात. एक आतून, एक बाहेरून घातल्या तर पकड जास्त भक्कम येते, म्हणून दुसरीही पद्धत चालते. यात कुणी मुद्दाम हयगय केली असं मी म्हणणार नाही. पण मुंग्या सुरू झाल्या त्या दिवशी करंगळी तपासायला हवी होती, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

सुरकुत्यांचं तुम्ही जे पाहिलंत ती खरोखरची तपासणी आहे. लहान मुलांना ‘इथे कळतंय का’ विचारलं तर ती काहीही सांगतात, म्हणून हात कोमट पाण्यात ठेवून बघतात. नस बंद असेल तर त्या बोटाला सुरकुती पडत नाही, घामही येत नाही. तारीख टाकून फोटो काढून ठेवा.

आता तुमच्या मुख्य भीतीबद्दल. बोटं जास्त वाकायला लागली याचा अर्थ बिघडलं असाच होतो असं नाही. उलटही असू शकतं. या नसेवर दोन वेगवेगळी कामं आहेत. कोपराच्या जरा खाली ती करंगळीचं टोक वाकवणाऱ्या स्नायूला जाते, आणि पार खाली पंजात बोटं सरळ ठेवणाऱ्या बारीक स्नायूंना. नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते, महिन्याला एखादा इंच. म्हणजे वाकवणारा स्नायू आधी जागा होतो आणि सरळ करणारे अजून झोपलेले असतात. त्या मधल्या काळात बोट आधीपेक्षा जास्त आखडलेलं दिसतं. आमच्या पुस्तकात याला अल्नर पॅराडॉक्स म्हणतात. पालक नेमके याच टप्प्यावर रडत येतात.

घरी एक बघा. त्याचा हात टेबलावर उताणा ठेवा. करंगळीचं मधलं पेर तुमच्या दोन बोटांत सरळ धरा आणि म्हणा, "फक्त टोक वाकव." डाव्या हातावर आधी करून दाखवा म्हणजे त्याला कळेल. काय होतं ते इथे लिहा.

एनसीव्हीबद्दल: इजेनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत ती फारसं सांगत नाही, पण तुम्ही त्याच्या पुढे आहात. बारीक शॉक बसतात, मूल रडतं, जीवाला धोका नाही. ती करा म्हणून सांगायला आणि नसेकडे बघायला हँड सर्जनला एकदा दाखवा. आपल्याकडे काही ठिकाणी हे काम प्लास्टिक सर्जन करतात. मुंबईला जाणं जमत असेल तर परळचं वाडिया मुलांचंच रुग्णालय आहे. तीन-चार महिन्यांत काहीच परत आलं नाही तर नस उघडून अडकली असेल तर मोकळी करायचा विचार होतो. पण ‘येईल येईल’ म्हणत वर्ष घालवायचं नाही. नस पोहोचायला वर्ष-दीड वर्ष लागलं तर तोवर पंजातले स्नायू कायमचे वाळतात.

स्प्लिंट मात्र आजच विचारा. नकल बेंडर नावाचा असतो, बोटांच्या मुळाशी हलका दाब देतो आणि सांधे आखडू देत नाही. नस उद्या परत आली आणि सांधे कडक झालेले असले तर उपयोग काय?

आणि सासूबाईंना माझ्याकडून सांगा. मोडलेल्या कोपराला चोळलं किंवा जोर लावून सरळ केलं की आत रक्तस्राव होतो आणि स्नायूतच हाड तयार होतं. मग कोपर कायमचं अडतं. लहान मुलांचं कोपर खेळता खेळता सुटतं, कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष. त्याच्याकडून कणीक मळून घ्या, दोरीवर कपडे वाळत घालायला लावा, पाण्यात खेळू द्या. हात त्याने स्वतः हलवायचा, दुसऱ्याने ओढायचा नाही.

वारणाकाठ

नोकरीतली सगळी वर्षं मी कुष्ठरोगाच्या कामात होतो. अशी वाकलेली करंगळी हजारोंनी पाहिली आहे, कारण तो आजारही याच नसेला कोपरापाशी धरतो. मुलाला तो आजार नाही, पण बधिर बोटाची काळजी तीच. करंगळीला चटका कळणार नाही. कुकर, गरम ताट, इस्त्री, गाडीचा सायलेन्सर यांपासून जपा, शेक तर बिलकुल नको. रोज रात्री झोपताना हात उजेडात धरून बघा, कुठे लाल झालंय, फोड आलाय का. थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवून वरून खोबरेल लावा, कातडी फुटत नाही. सासूबाईंच्या हाताला हे काम द्या. चोळायचं नाही, नुसतं लावायचं.

आणि अगदी नस नाही आली तरी सगळं संपत नाही. दुसऱ्या चांगल्या स्नायूची दोरी वळवून बोटं सरळ करणारी ऑपरेशनं आहेत. पॉल ब्रँड नावाच्या डॉक्टरांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर ती सुरू केली. त्यानंतर भाकरी थापणारे, विळा धरणारे हात मी स्वतः पाहिलेत.

कराडची आई

फिजिओ ताई, केलं. डाव्या हातावर दाखवलं, मग उजव्या. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा तो जीभ बाहेर काढून जोर करत होता आणि माझ्या बोटांच्या पुढे करंगळीचं टोक हललं. थोडंच, नखाएवढं. मी त्याला चार वेळा करायला लावलं, शेवटी तो कंटाळून पळाला. मला रडू आवरेना.

काका, तुमचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला. निर्गुडी काढून ठेवली आहे. काल रात्री चष्मा लावून त्यांनीच बॅटरीच्या उजेडात हात तपासला.

शनिवारी हँड सर्जनची वेळ मिळाली आहे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, फोटो आणि ते कट्टीचं सगळं एका कागदावर लिहून नेते.

कराडची आई (सात आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. कुणाला पुढे उपयोग होईल म्हणून लिहिते.

हँड सर्जननी अर्धा तास हात पाहिला. उंचवट्यापासून खाली बोटाने टिचक्या मारत आले, एका जागी करंगळीत झिणझिण्या गेल्या, तिथे पेनाने खूण करून मोजून लिहिलं. महिन्याने परत बोलावलं, तेव्हा खूण चार सेंटिमीटर खाली सरकली होती. नस पुढे चालली आहे म्हणाले, आत्ता उघडायची गरज नाही. एनसीव्ही झाली. पंजातल्या स्नायूंपर्यंत अजून फार थोडे संदेश पोहोचतात, पण पोहोचतात. स्प्लिंट शाळेतही लावतो. शाळेतल्या बाईंशी मी बोलले, लेखी परीक्षेला वेळ वाढवून दिलाय.

कोपर आता जवळजवळ सरळ होतं, मालिशशिवाय. करंगळीचं टोक जोरात वाकतं. पोस्टकार्ड अजून निसटतं, पण ओढताना थोडा अडथळा लागतो. पाण्यात करंगळी अजून गुळगुळीतच आहे, शेजारच्या बोटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला सुरकुती पडते, ती आधीपासून पडत होती की नवीन हे मला सांगता येत नाही, कारण पहिल्या फोटोत ते बोट नीट आलेलं नाही. फिजिओ ताई, त्या बाजूची नस वेगळी असते का? पुढची तारीख पाडव्यानंतरची आहे, त्याआधी विचारून ठेवते.

मिरजेची फिजिओ

हो, त्या बोटाची अंगठ्याकडची बाजू बहुतेकांत मीडियन नावाच्या दुसऱ्या नसेकडे असते, तिथे आधीपासूनच पडत असणार. तुम्ही करंगळीकडची बाजू बघत राहा. यावेळी फोटोत चारही बोटं घ्या.