मदत हवी आहे : थंडीत पहाटे गाडीच्या इलेक्ट्रिकलचा लपंडाव
नमस्कार मंडळी. आम्ही हर्णैला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. जुनी पेट्रोल गाडी आहे. थंडी पडल्यापासून पहाटे चावी फिरवली की नुसती टिकटिक, मीटरचे दिवे मंद, कधी एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागूनच राहतो. ऊन वर आलं की सगळं सुरळीत! दापोलीला मेकॅनिककडे नेईपर्यंत दोष गायब, मग तो तरी काय शोधणार?

बॅटरी नवीन आहे. सकाळी मल्टीमीटरवर १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) दोन्ही ठीक दिसतात. माझा संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या वायरींवर आहे. निगेटिव्हची वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलीय तिथे हिरवट पूड साचलीय, आणि दव तर इतकं पडतं की सकाळी बॉनेटच्या कडेने पाणी ठिबकत असतं. खाऱ्या हवेत तांब्याचं काय होतं ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको.

स्टार्टर मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टच्या वर ड्रॉप (दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक) आला तर अर्थिंगची वायर बदलावीच का? की घासून, आवळून, वर ग्रीस लावलं तरी भागेल? रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) आणि फ्यूजबॉक्समध्ये दमट हवा शिरली असेल तर ते कसं ओळखायचं?

बाबांना डायलिसिसला पहाटेच न्यावं लागतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय. जाणकारांनी कृपया लवकर सांगा. दापोली-खेड भागातला चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर तेही कळवा.