लघवीतली प्रथिनं उतरली म्हणजे किडनी वाचली, असं लिहावं का?

पत्रक_इंदूर

इंदुरातल्या मराठी कुटुंबांसाठी चार पानी पत्रक लिहितो आहे. विषय: मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांच्या लघवीतून प्रथिनं (मुख्यतः अल्ब्युमिन) जाणं आणि त्यावरची औषधं. मसुद्यात एक वाक्य होतं, "औषधाने अल्ब्युमिन जितकं खाली येईल तितकी किडनी सुरक्षित." मग २००८ सालच्या ऑनटार्गेट ट्रायलचे (औषध-चाचणीचे) किडनीविषयीचे निष्कर्ष वाचले आणि हात थांबला. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र दिलेल्या गटात अल्ब्युमिन कमी वाढलं, पण डायलिसिस, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की साचणारा टाकाऊ पदार्थ) दुप्पट होणं किंवा मृत्यू यांचं प्रमाण त्याच गटात जास्त निघालं: १४.५ टक्के. एकेकट्या औषधाच्या गटांत ते १३.४ आणि १३.५ होतं.

हे कसं? शिवाय "अल्ब्युमिन ३१ टक्के घटलं" असं ट्रायल म्हणते तेव्हा घरी रिपोर्ट हातात धरून बसलेल्या माणसाने त्यातून काय समजायचं? आणि नवी गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन वाढलं की लोक परस्पर गोळी सोडतात, त्याबद्दल पत्रकात काय लिहावं?

नेफ्रो_वॉर्ड

वाक्य काढून टाका, पण उलट टोकालाही जाऊ नका. अल्ब्युमिन महत्त्वाचं आहेच. ते कोणत्या वाटेने उतरलं, हे त्याहून महत्त्वाचं.

किडनीच्या गाळणीत रक्त एका बारीक नळीतून आत येतं आणि दुसरीतून बाहेर पडतं. लोसार्टन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल ही औषधं बाहेरची नळी सैल करतात. गाळणीतला दाब उतरतो, गळती कमी होते. २००१ च्या आयडीएनटी ट्रायलमध्ये हे स्वच्छ दिसतं. टाइप २ मधुमेहाचे १,७१५ रुग्ण, इर्बेसार्टन ३०० मिलिग्रॅम, अॅम्लोडिपिन (रक्तदाबाची वेगळ्या प्रकारची गोळी) आणि प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) असे तीन गट. प्रथिनं अनुक्रमे ३३, ६ आणि १० टक्के उतरली. इर्बेसार्टन आणि अॅम्लोडिपिन या दोन गटांत रक्तदाब जवळपास सारखाच असूनही किडनी इर्बेसार्टनवाल्यांची जास्त टिकली. म्हणजे निव्वळ रक्तदाब उतरवून हा फायदा मिळत नव्हता.

आता त्याच नळीवर दोन औषधं लावा. गळती आणखी घटते, पण किडनीच्या हाताशी राखीव काही उरत नाही. जुलाब झाले, पाणी कमी पडलं की बाहेरची नळी आवळून दाब टिकवण्याची जी युक्ती शरीराकडे असते, तीच आपण बंद करून ठेवलेली असते. पोटॅशियम साचतं ते वेगळंच. ऑनटार्गेटवर आक्षेप होता की तिथले बहुतेक रुग्ण हृदयविकाराच्या जोखमीचे होते, त्यांच्या लघवीत फारसं अल्ब्युमिन नव्हतंच. तो आक्षेप रास्त आहे. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीए नेफ्रॉन-डी ट्रायलमध्ये मधुमेहाचे आणि ३०० च्या वर अल्ब्युमिन असलेलेच १,४४८ रुग्ण होते. सगळ्यांना लोसार्टन १०० मिलिग्रॅम, त्यावर निम्म्यांना लिसिनोप्रिल. ट्रायल मुदतीआधी थांबवावी लागली. किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण दर १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे १०० रुग्णांच्या एका वर्षात) ६.७ वरून १२.२ वर गेलं, पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाण्याचं २.६ वरून ६.३ वर. पत्रकात ठळक लिहा: नावाच्या शेवटी "प्रिल" आणि "सार्टन" असलेली औषधं एकत्र नकोत. दोन वेगळ्या डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या आल्या की हा घोळ होतो.

वाट वेगळी असेल तर दोन औषधं जोडता येतात. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहाच्या गोळ्या, त्या आत येणाऱ्या नळीकडून दाब उतरवतात. डापा-सीकेडी (२०२०) मध्ये ४,३०४ रुग्णांना १० मिलिग्रॅम डॅपाग्लिफ्लोझिन किंवा प्लासिबो दिलं. बहुतेक जण सार्टन किंवा प्रिल आधीपासून घेत होते, तरीही ठरवलेल्या गंभीर घटना ३९ टक्क्यांनी घटल्या, मधुमेह नसलेल्यांतसुद्धा. मोजलं काय होतं ते बघा: किडनीची गाळण निम्म्याने घटणं, डायलिसिसची वेळ येणं, किडनी किंवा हृदयाच्या कारणाने मृत्यू. अल्ब्युमिन हा तिथला निकाल नव्हता.

फिनेरेनोनची (अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला रोखणारं औषध) फिडेलिओ ट्रायल (२०२०) तशीच. तुमचा ३१ टक्क्यांचा आकडा तिथलाच, चार महिन्यांनंतरचा. पण खरा निकाल म्हणजे किडनीच्या गंभीर घटनांत १८ टक्के घट. उलट २०२५ च्या कॉन्फिडन्स ट्रायलमध्ये फिनेरेनोन आणि एम्पाग्लिफ्लोझिन एकत्र देऊन अल्ब्युमिन १८० दिवसांत ५२ टक्के उतरलं. उत्साह वाटावा असाच आकडा आहे, पण डायलिसिस टळतं का हे तपासायला ती ट्रायल आखलेलीच नव्हती. तितकंच लिहा.

लॅब_टेबल

३१ टक्क्यांबद्दल. ही गटाची भूमितीय सरासरी असते, म्हणजे किती पटीने घटलं याची सरासरी. १,००० चं ६९० झालं, १०० चं ६९ झालं, दोन्ही ३१ टक्केच. गटात कुणाचं निम्मं झालेलं असतं, कुणाचं वाढलेलं. एका माणसाच्या बाबतीत रोजचा चढउतारच इतका असतो की ४०० चं ३२० झालं तर औषध लागू पडलं असं म्हणता येत नाही, आणि ३२० चं ४०० झालं तर बिघडलं असंही नाही. शिवाय ज्यांचा आकडा जास्त आला अशांनाच ट्रायलमध्ये घेतात, त्यामुळे पुढच्या तपासणीत काहींचा आकडा आपोआप खाली येतो, प्लासिबोवाल्यांचाही. म्हणून गटागटांतला फरक वाचायचा, एका गटाची आधी-नंतरची घट नाही.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशी जबर व्यायाम, यांपैकी काही असेल तर तपासणी पुढे ढकलायची. निदान पक्कं करायला तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यांतले दोन वाढलेले हवेत. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवरचं "१+" हे फक्त दाटपणा सांगतं. दोन तांबे पाणी पिऊन गेलेल्या माणसाची पट्टी कोरी येऊ शकते. म्हणून अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागा: ३० च्या खाली सामान्य, ३० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर जास्त. पण वयस्क, अगदी बारीक अंगाच्या बाईच्या लघवीत क्रिएटिनिनच कमी असतं, त्यामुळे गुणोत्तर फुगून येतं. "एकूण प्रथिन-क्रिएटिनिन" ही वेगळी तपासणी आहे, दोघांचे आकडे एकमेकांशी जुळवू नका. एकच लॅब धरा.

फार्मा_रामबाग

क्रिएटिनिनबद्दल. गाळणीतला दाब उतरला की गाळण पहिल्या काही आठवड्यांत थोडी घटणारच, औषध काम करतंय त्याचाच तो भाग. सार्टन किंवा प्रिल सुरू केल्यावर, किंवा डोस वाढवल्यावर, दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा गोळी चालू ठेवतात. १.२ चं १.५ झालं म्हणजे २५ टक्के. १.२ चं १.७ झालं तर डॉक्टर कारण शोधतील: पाणी कमी पडलंय का, दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का, किडनीची रोहिणी अरुंद आहे का. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांची नावं पत्रकात घाला, लोक त्या विचारल्याशिवाय घेतात. दुसरी चूक म्हणजे डोस तळाशीच राहतो. ट्रायलमधला फायदा लोसार्टन १००, इर्बेसार्टन ३०० अशा पूर्ण डोसांवरचा आहे. २५ मिलिग्रॅमवर वर्षभर राहून "गुण नाही" म्हणणं बरोबर नाही.

उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं सुटलं, तर डॅपाग्लिफ्लोझिन, सार्टन किंवा प्रिल, लघवी वाढवणारी गोळी आणि मेटफॉर्मिन तेवढ्यापुरती थांबवायची असते. नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा चालू. डॉक्टरांकडून हे आधीच लिहून घ्यावं, मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. ऑपरेशन ठरलं असेल तर डॅपाग्लिफ्लोझिन किमान तीन दिवस आधी बंद, हेही डॉक्टरांना विचारून. बाळाचा विचार असेल तर सार्टन आणि प्रिलबद्दल आधीच बोलावं, गरोदरपणात ती चालत नाहीत.

आणि मीठ. याला अर्धं पान द्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच ट्रायलमध्ये मधुमेह नसलेले ५२ किडनी-रुग्ण आधीच लिसिनोप्रिलवर होते. वर सार्टन जोडल्यावर प्रथिनं २१ टक्के उतरली, नुसतं मीठ कमी केल्यावर ५१ टक्के. दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, त्यात सगळं आलं. आपल्याकडे पोह्यांवर शेव, वरणावर शेव, चहाबरोबर नमकीन. पोळीभाजीत मीठ मोजणारी घरंही शेवेतलं मीठ धरत नाहीत. सैंधवही सोडियमच आहे. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, सार्टन किंवा फिनेरेनोनवरच्या माणसाने ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

पत्रक_इंदूर

नवं वाक्य असं केलं आहे: "अल्ब्युमिन उतरणं हे चांगलं चिन्ह आहे, मात्र ते उतरवण्यासाठी औषधं मनाने वाढवू किंवा जोडू नका. क्रिएटिनिन थोडं वाढलं तर गोळी न सोडता डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा." गुणोत्तराचं एकक नुसतं "मिलिग्रॅम" लिहिलंय, चालेल ना?

लॅब_टेबल

नाही चालणार. "मिलिग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन" असं पूर्ण लिहा. काही रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति मिलिमोल देतात, त्याला ८.८४ ने गुणायचं. तिथला ३४ म्हणजे तुमच्या पत्रकातला ३०० होतो, आणि माणूस ३४ बघून निश्चिंत राहील.