मदत हवी आहे : टर्कीच्या शिकारीसाठी मुलीला २० गेज घेऊ की ४१०?

साकेत_व
आम्ही अमेरिकेत असतो. मुलीला एप्रिलमध्ये रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीला जायचंय. शेजारचे काका नेणार आहेत, त्यांचा जन्म रानात गेलाय. बंदूक मात्र आम्हीच घ्यायची. दुकानदार म्हणतो २० गेज (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद), काका म्हणतात त्याहून बारीक नळीची ४१० पुरे. काडतुसांच्या फळीपुढे तर डोकंच चालत नाही. एका डबीत पाच नग, किंमत पन्नास डॉलर. शेजारच्या डबीत दहा नग, वीस डॉलर. दोन्हींवर टर्कीचंच चित्र! तीन आठवडे राहिलेत. "शिकार का करता" हा विषय कृपया नको, तो घरी बोलून झालाय. नेमकं काय घेऊ ते सांगा.

रानवाटा
मुलगी केवढी, उंची किती, राज्य कुठलं? गेज आणि छऱ्यांच्या आकाराचे नियम राज्यागणिक बदलतात. आधी तुमच्या राज्याची नियमपुस्तिका वाचा, मग दुकानात जा.

माळरान
४१० डोळे मिटून घ्या. महाग डबी टंगस्टन मिश्रधातूच्या छऱ्यांची असणार. शिशाची घनता ११, याची १८. त्यामुळे ९ नंबरचा बारीक छर्राही खोल जातो, आणि बारीक असल्याने एका काडतुसात भरपूर मावतात. माझ्या मुलाने गेल्या वर्षी मिझुरीत ४१० नेच पहिला नर टिपला. धक्का जवळजवळ नाहीच.

सुहास७१
असहमत. टंगस्टन नसेल तर ४१० टर्कीला तोकडी पडते. दहा डॉलरला एक काडतूस, मग पोर सराव कशावर करणार? २० गेजला उडत्या थाळ्यांवर मारायची हलकी काडतुसं स्वस्तात मिळतात. ती पन्नास झाडू देत, टर्कीची जड फक्त तीन-चार. मॉसबर्ग ५०० ची लहान मुलांसाठीची बॅन्टम बघा.

माळरान
हलक्या एकनळी २० मध्ये तीन इंची काडतूस घालून बघितलंय का कधी? पोर पहिल्या बारालाच डोळे मिटायला शिकतं, आणि ती सवय वर्षानुवर्षं जात नाही.

सुहास७१
एकनळी म्हटलंय कुठे मी? बॅन्टम पंपाची आहे (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची), वजन बऱ्यापैकी असतं.

वऱ्हाडी_पाटील
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आजोबांची बारा बोअरची दुनळी घरात आहे. परवाना माझ्या नावावर करायला किती दिवस लागतात?

रानवाटा
पाटील, वेगळा धागा काढा. इथे ते उत्तर हरवेल.

मधुरा_क
साकेत, व्हिसा कुठला? ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. एचवनबी किंवा एचफोरवर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असला तर सूट मिळते. काहीही विकत घेण्याआधी वकिलाला विचारा.

साकेत_व
ग्रीन कार्ड आहे. राज्य विस्कॉन्सिन, मुलगी बारा वर्षांची, चार फूट आठ इंच. हंटर सेफ्टीचा कोर्स झालाय. उजव्या हाताची आहे. काका स्वतः १२ गेज वापरतात.

रानवाटा
हे आधी लिहायला हवं होतं. आता ऐका.

या उंचीला गेजपेक्षा दस्त्याची लांबी महत्त्वाची. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या वळणात टेकवा, बोटाचं पहिलं पेर चापावर यायला हवं. येत नसेल तर बंदूक मोठी आहे, मग ती कितीही स्वस्त असो.

डोळाही तपासा. हात लांब करून दोन्ही तळव्यांमधल्या फटीतून लांबचा दिवा बघायला सांगा आणि एकेक डोळा मिटायला लावा. दिवा ज्या डोळ्याला दिसत राहतो तो नेमाचा डोळा.

आणि हे विसरू नका : २० ची काडतुसं १२ च्या शेजारी एका खिशात, एका डब्यात कधीही नकोत. २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं. मागून १२ चं घालून बार काढला की नळी फुटते. २० ची पिवळी असतात ती याचसाठी.

सुहास७१
+१. विस्कॉन्सिनमधली टर्की मुळात मिझुरीची, ठाऊक आहे का? तिथली संपली होती. १९७६ साली विस्कॉन्सिनचे ग्राउस पक्षी मिझुरीला देऊन त्या बदल्यात आणल्या आणि विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीत सोडल्या.

मधुरा_क
रानटी टर्कीची तंगडी फार चिवट असते. मंद आचेवर तीन तास, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. छाती वेगळी काढा.

साकेत_व
बॅन्टम घेतली. मुलीचा नेमाचा डोळा डावा निघाला, आम्हाला बारा वर्षं पत्ता नव्हता. आता डाव्या खांद्यावरून मारते. या बंदुकीचं सुरक्षा बटण वर मधोमध आहे, त्यामुळे हात बदलला तरी अडत नाही.

काल रेंजवर कागद लावले. तीन इंची काडतूस, शिशाचे ६ नंबरचे छर्रे, टर्कीचा चोक (छर्रे फार पांगू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी बसवायचा अरुंद तुकडा). दहा इंची वर्तुळातली भोकं तिनेच पेन्सिलीने खुणा करत मोजली : ३० यार्डांवर ११४, ४० वर ६१. ३० च्या पुढे मारणार नाही म्हणाली आणि तो कागद घडी करून जॅकेटच्या खिशात ठेवला. महाग डबी परत केली.

शिकारीत लपून बसायच्या बंद तंबूतून बार काढला की आवाज कानाला फार लागतो म्हणे. बारीक चेहऱ्यावर नीट बसतील असे कानाचे मफ कुणी वापरलेत का?